हँडल कधी बदलावे?

विद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा मी थोडा संकोचलो. आपल्या गुरुजनांविषयी, वसतिगृहातील शिस्तीविषयी आणि आपल्याला घडविणाऱ्या त्या दिवसांविषयी माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहिणारे पुष्कळ आहेत. मी पडलो फिटर. नागपूरजवळच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात देखभाल विभागात सारी नोकरी केली आणि गेल्या वर्षी निवृत्त झालो. तेव्हा ज्यातले मला थोडेफार कळते, त्याच विषयावर लिहिणे बरे. सायकलचे जुने झालेले हँडल केव्हा बदलावे, हा तो विषय. वाचणाऱ्यांपैकी काहींना हसू येईल. पण १९८३ च्या पावसाळ्यात वसतिगृहात राहत असलेल्यांना कदाचित हसू येणार नाही. त्यांना मी कशाविषयी लिहीत आहे हे एव्हाना कळले असेल.

त्या काळी वसतिगृहात एकच सायकल होती. बावीस इंची, काळी, सळीच्या ब्रेकची, मागे रुंद लोखंडी कॅरियर असलेली. कोणा हितचिंतकाने ती दान दिली होती आणि ती आली तेव्हाच जुनी होती. तिच्यावरून आठवड्याचा भाजीपाला येई, चक्कीवरून पीठ येई, टपाल येई. कोणाला रात्री ताप भरला तर त्याला कॅरियरवर बसवून तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेत. तालुक्याचे गाव सहा किलोमीटरवर. वाटेत एक चढ, मग ओढ्याकडे जाणारा उतार आणि खाली दगडी रपटा. दर रविवारी बाजाराला जाण्याची पाळी नववी-दहावीच्या मुलांत फिरत असे आणि त्या पाळीची आम्ही महिना महिना वाट पाहत असू. तेवढेच काय ते जग बघायला मिळे. चहाच्या टपरीवर रेडिओ ऐकायला मिळे. पोस्टात घरचे पत्र आले असेल तर ते सर्वांच्या आधी आपल्या हाती पडे.

गृहपती सरांनी सायकलसाठी एक वही केली होती. तांबड्या पुठ्ठ्याची, दोरीने खिळ्याला टांगलेली. तिच्यात रकाने आखलेले होते : तारीख, नाव, जाण्याची वेळ, येण्याची वेळ आणि शेवटचा रकाना ‘दोष’. परत आलेल्या मुलाने सायकल पुसायची, हवा, ब्रेक, चेन पाहायची आणि त्या रकान्यात काय आढळले ते लिहायचे. सरांचे म्हणणे असे की, सायकल ज्याने चालविली त्यालाच तिचे दुखणे ठाऊक असते, पुढच्याला नसते. आम्ही ‘पंक्चर काढले’, ‘चेन उतरते’, ‘मागचा ब्रेक लागत नाही’ असे लिहीत असू. काही नसेल तर ‘ठीक’.

ऑगस्टचा शेवट असेल. माझी पाळी होती. चढावर सीटवरून उठून, हँडल ओढून मी पायडल मारीत होतो, तेव्हा प्रत्येक पायडलाला हातांखाली ‘टक्’ असा बारीक आवाज येऊ लागला. प्रथम वाटले, पायडलचा असेल. चढ संपल्यावर उतरून पाहिले. आपल्या जुन्या सायकलींना हँडल आणि त्याचा उभा दांडा एकत्र झाळलेला असतो. त्या जोडाच्या डाव्या बाजूला क्रोमचा मुलामा फुगला होता आणि फुगाऱ्याच्या कडेने केसाएवढी तांबूस रेघ दिसत होती. मी ती अंगठ्याने पुसली. पुसली गेली. बाजार करून परत निघालो तेव्हा भुरभुर पाऊस लागला. वसतिगृहात येऊन सायकल पुसताना पाहतो, तर ती रेघ पुन्हा त्याच जागी होती. आतून कोणीतरी गंज पाझरावा तशी.

मी वहीपाशी गेलो. तारीख लिहिली, नाव लिहिले, वेळा लिहिल्या. शेवटच्या रकान्यावर पेन्सिल थांबली. दोष लिहिला तर सायकल दुरुस्तीला जाणार, आणि दुरुस्तीला गेली की पंधरा दिवस येत नसे, हा अनुभव होता. बाजार मग कोणीतरी चालत जाऊन आणणार. पाळ्या मोडणार. माझी पुढची पाळी दसऱ्याच्या आधी येत होती आणि त्या सुमारास वडिलांची मनिऑर्डर यायची होती. शिवाय वाटले, लोखंडी हँडल आहे, इतकी वर्षे टिकले, आणखी महिनाभर टिकेल. मी ‘ठीक’ लिहिले.

पुढच्या रविवारी माझ्याच वर्गातला माझा मित्र गेला. त्याचे नाव लिहीत नाही. आमच्या बॅचचे वाचक ओळखतील. येताना कॅरियरवर पिठाचा कट्टा आणि हँडलला दोन्हीकडे भाजीच्या भरलेल्या थैल्या होत्या. ओढ्याच्या उतारावर त्याने दोन्ही ब्रेक दाबले. उतारावर ब्रेक लावला की माणसाचा सारा भार तळहातांवर येतो. तेवढ्यात हँडलची डावी बाजू त्याच्या हातात निघून आली. थैलीसह, मुठीसह, ब्रेकच्या मुठीसह. तो तोंडावर रपट्याच्या दगडांवर पडला. गळ्याजवळचे हाड मोडले आणि पुढचे दोन दात गेले.

सकाळच्या वंदनेत आघाडीचा आवाज त्याचा असे. स्वच्छ, न ओरडता शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. दात गेल्यावर त्याचा ‘स’ फुसकट येऊ लागला. लहान मुले हसली. मुलेच ती. खांदा बांधलेला असताना तो मागच्या रांगेत उभा राहू लागला आणि खांदा बरा झाल्यावरही मागेच राहिला. दहावी होईपर्यंत मी त्याचा आवाज पुन्हा समोरून ऐकला नाही. कोणी मला काही विचारले नाही. सरांनी वही पाहिली असणार. ओळीने साऱ्या ‘ठीक’च होत्या. जुनी वस्तू होती, मोडली, असे सर्वांनी धरले. मीही तसेच धरले.

दोन वर्षांनी, नागपूरला आय.टी.आय.मध्ये फिटरचा कोर्स करीत असताना, एके दिवशी निदेशकांनी एका यंत्राचा मोडलेला शाफ्ट टेबलावर ठेवला आणि विचारले, “हा कधी मोडला?” आम्ही म्हणालो, “काल मोडला असेल.” ते म्हणाले, “काल फक्त सुटा झाला. मोडायला केव्हापासून लागला ते इथे लिहिले आहे.” त्यांनी मोडलेला पृष्ठभाग आमच्याकडे वळविला. त्याचा मोठा भाग काळपट आणि गुळगुळीत होता. त्यावर पाणी ओसरताना काठावर उमटतात तशा वाकड्या रेषा होत्या. उरलेला लहानसा भाग खरखरीत आणि चकचकीत होता. काळपट भाग म्हणजे हळूहळू वाढत गेलेला जुना तडा. चकचकीत भाग म्हणजे शेवटपर्यंत भार पेलून धरलेला आणि अखेरीस एका झटक्यात तुटलेला धातू.

त्या दिवाळीच्या सुटीत मी वसतिगृहात गेलो. कोठीत मोडक्या खाटांच्या मागे ते हँडल तसेच पडलेले होते. तुकडा उजेडात आणला. दोन वर्षांचा गंज वर चढला होता, तरीही फरक कळत होता. नळीच्या गोल कडेपैकी अर्ध्याहून अधिक भाग जुन्या, जाड, काळ्या गंजाचा. उरलेल्या भागावर पातळ, तांबडा, अलीकडचा गंज. म्हणजे मी अंगठ्याने पुसलेली ती रेघ गंजाचा डाग नव्हता. तो तडा होता. त्यात पावसाचे पाणी शिरत होते आणि गंजून बाहेर येत होते. ‘टक्’ हा आवाज त्याच्याच दोन कडा एकमेकींवर घासल्याचा होता. मला त्या वयात त्याचा अर्थ कळत नव्हता, हे खरे. पण काहीतरी आहे, हे मला दिसले होते, ऐकूही आले होते. लिहायला तेवढे पुरेसे होते.

धातूचा हा स्वभाव माणसाला फार उशिरा कळला. तार एकदा वाकविली तर तुटत नाही, पण तीच पुन्हापुन्हा इकडेतिकडे वाकविली की तुटते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. मात्र डोळ्यांना न दिसणारे, फार लहान ताणही लाखो वेळा पडले तर भक्कम लोखंड तोडतात, हे पटायला मोठे अपघात व्हावे लागले. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासाहून अधिक माणसे मरण पावली. पुढे ऑगस्ट वोलर या जर्मन अभियंत्याने १८५० आणि १८६० च्या दशकांत रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखविले की, एका दमात जेवढा भार धातू सहज पेलतो त्याहून कितीतरी कमी भाराने, तो वारंवार पडत राहिला तर, तोच धातू तुटतो. अभियंते याला धातूचा थकवा म्हणतात.

या थकव्याच्या बाबतीत पोलाद आणि अॅल्युमिनियम यांचे स्वभाव वेगळे आहेत, आणि सायकलच्या हँडलचा प्रश्न इथेच येऊन ठेपतो. पोलादाला एक मर्यादा असते. ताण त्या मर्यादेच्या खाली राहिला, गंज लागला नाही, ओरखडा पडला नाही, तर पोलाद जवळजवळ कितीही वेळा तो सोसू शकते. म्हणून आजोबांची सायकल नातू चालवितो. गंज मात्र ही मर्यादा मोडून टाकतो, कारण गंजाच्या प्रत्येक खड्ड्यातून तडा सुरू होऊ शकतो. अॅल्युमिनियमचे वजन पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश असते, म्हणून आजच्या गिअरच्या सायकलींना त्याच्या मिश्रधातूची हँडले असतात. पण त्याला अशी ठाम मर्यादा नसते. प्रत्येक खड्डा, प्रत्येक झटका त्याच्या खात्यात थोडासा नावे पडतो. चांगले बनविलेले हँडल ते खाते फार मोठे ठेवून येते, एवढेच. शिवाय पोलाद बहुधा आधी वाकून सूचना देते. अॅल्युमिनियम पुष्कळदा तेवढी उसंत देत नाही.

आता माझ्या स्वतःच्या सायकलकडे येतो. २०१३ साली मी अॅल्युमिनियमच्या हँडलची एक सायकल घेतली. घरापासून कारखाना नऊ किलोमीटर. जाऊन-येऊन अठरा. वर्षाचे अडीचशे दिवस धरले तर अकरा वर्षांत जवळजवळ पन्नास हजार किलोमीटर होतात. नागपूरचे उन्हाळे, अंगातून गळणारा घाम, पावसाळ्यातले खड्डे, हे सारे त्या हँडलने सोसले. निवृत्त झाल्यावर सायकल उभीच होती. धाकटी मुलगी म्हणाली, “बाबा, मी नेते कॉलेजला.”

मी म्हणालो, “ने. पण आधी हँडल बदलतो.”

ती म्हणाली, “काहून? काय झालं त्याला?”

प्रश्न रास्त होता. मी मुठी काढल्या. मुठीखाली, जिथे घाम साचत असे तिथे, पांढरट भुकटी धरली होती. अॅल्युमिनियमचा गंज तांबडा नसतो, असा पांढरा असतो. ब्रेकच्या पट्टीखाली एक गोल ओरखडा होता. तीन वर्षांपूर्वी ओल्या रस्त्यावर मी घसरून पडलो तेव्हा ती पट्टी फिरली होती, त्याचा. मधला भाग, जिथे हँडल चिमट्यात धरलेले असते, तो सर्वांत महत्त्वाचा, कारण सर्वांत जास्त ताण तिथेच येतो. तो रॉकेलने धुऊन, उन्हात धरून, नख फिरवून पाहिला. तडा कुठेही नव्हता. हँडल सरळ होते.

“मग?” मुलगी म्हणाली. “तडा नाही, वाकलेलं नाही. उगीच खर्च.”

मी तिला कारखान्यातले उदाहरण दिले. तिथे आम्ही ठरावीक तास भरले की चालू बेअरिंग काढून नवे बसवीत असू. नवीन आलेली पोरे दर वेळी हळहळत : “साहेब, हे तर चांगलं फिरतंय!” ते चांगले फिरत असतानाच काढायचे असते. बंद पडल्यावर काढण्यात कसले शहाणपण? पण खरे सांगायचे तर हे कारण मी तिला दिले, मनातले कारण वेगळे होते. ते हँडल मी चालविले होते. ते किती वेळा आपटले, कुठे घसरले, किती ओझी त्यावर लटकली, हे मला ठाऊक होते. उद्या ती सायकल घेऊन जाईल तेव्हा यातले काहीही तिच्याबरोबर जाणार नव्हते. तिच्या दृष्टीने ते फक्त एक चांगले दिसणारे हँडल असणार होते. पुढच्या वर्षी त्यातून ‘टक्’ असा आवाज आला तर तिला तो पायडलचा वाटेल. मीच चालवीत राहिलो असतो तर कदाचित आणखी एक वर्ष, लक्ष ठेवून, तेच चालविले असते. पण सायकल दुसऱ्याच्या हाती द्यायची वेळ आली, तेव्हा शेवटचा रकाना माझ्या हाती होता.

हँडल बदलले. जुने मात्र तसेच कबाड्याला दिले नाही, कारण चांगले दिसणारे हँडल कबाड्याकडून पुन्हा कोणाच्या तरी सायकलवर चढते. शेगड्यात धरून हॅकसॉने त्याचे दोन तुकडे केले. मुलगी शेजारी उभी होती. कापल्यावर मीही उत्सुकतेने आत पाहिले. काही नव्हते. धातू आतून स्वच्छ, पांढरा, एकसारखा होता.

“पाहा, चांगलं होतं,” ती म्हणाली.

“हो, चांगलं होतं,” मी म्हणालो.

याहून अधिक मला काही सांगता आले नाही. वेळेवर घेतलेल्या निर्णयाला पुरावा मिळत नाही, हे मला नोकरीत कळले होते. त्या दिवशी घरीही कळले. पुरावा फक्त उशिरा घेतलेल्या निर्णयाला मिळतो. तसा एक पुरावा मी कोठीत हातात धरून पाहिलेला होता.

आपल्या वाचकांत पालक पुष्कळ आहेत. आज गावोगाव मुली सायकलवरून शाळेत जातात. मानव विकास कार्यक्रमातून त्यांना सायकली मिळतात, थोरल्या बहिणीची सायकल धाकटीकडे येते. त्यांच्यासाठी चार गोष्टी स्पष्ट लिहितो.

पोलादी हँडल वर्षे मोजून बदलण्याचे कारण नाही. पण जोडापाशी मुलामा फुगला असेल, पुसल्यावर परत येणारी तांबडी रेघ असेल, किंवा चढावर हँडल ओढताना नवाच आवाज येत असेल, तर ते त्याच दिवशी उतरवावे. नळीच्या टोकांतून गंजाचे पाणी गळत असेल तर ती आतून खात आहे असे समजावे.

अॅल्युमिनियमचे हँडल जोरात आपटले, वाकले, खोल ओरखडले किंवा मुठीखाली गंजून खड्डे पडले, तर तडा दिसण्याची वाट पाहू नये. वाकलेले हँडल गुडघ्यावर धरून सरळ करण्याची आपल्याकडे रीत आहे. अॅल्युमिनियमच्या बाबतीत ती अगदी सोडून द्यावी, कारण सरळ झालेले हँडल आधीपेक्षा अशक्त असते आणि दिसायला मात्र चांगले दिसते. यांपैकी काही झाले नसले तरी त्याला जन्मभराचे समजू नये. काही उत्पादक आपल्या पुस्तिकेत वर्षांची मर्यादा देतात. दिली असेल तर ती पाळावी. कार्बन तंतूंचे महाग हँडल एखाद्याकडे असेल, तर मोठ्या आपटीनंतर ते वरून धड दिसले तरी विश्वासास पात्र नाही.

स्क्रू जितका घट्ट तितका चांगला, हाही एक गैरसमज आहे. हँडल धरणाऱ्या चिमट्याचे स्क्रू बहुधा ४ ते ६ न्यूटन-मीटर एवढेच आवळायचे असतात. नेमका आकडा पुष्कळदा त्यावरच लिहिलेला असतो. चारही स्क्रू आलटूनपालटून, सारखे आवळावेत. लांब पान्हा घेऊन सारा जीव लावला की चिमट्याची कड धातूत रुतते आणि तडा तिथूनच सुरू होतो. जुन्या पद्धतीच्या हँडलचा उभा दांडा उंच करताना त्यावर कोरलेली खूण बाहेर दिसू देऊ नये. ती दिसली म्हणजे दांडा आत पुरेसा उरलेला नाही.

आणखी एक गोष्ट, जी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. मूठ फाटून नळीचे टोक उघडे पडले असेल तर ते लगेच झाकावे. मूल पडताना हँडल फिरते आणि ती गोल, धारदार कड पोटात बसते. वरून खरचटल्यासारखे दिसते आणि आत यकृताला, प्लीहेला किंवा स्वादुपिंडाला इजा झालेली असू शकते. हँडलचा मार पोटात बसला आणि मूल पोट दुखते म्हणाले, तर घरगुती उपाय न करता दवाखान्यात न्यावे.

आणि सायकल एकाकडून दुसऱ्याकडे जाताना, देणाऱ्याने तिचा इतिहास सांगावा. सांगता येत नसेल, तर हँडल बदलून द्यावे. हँडल केव्हा बदलावे, या प्रश्नाला माझ्यापाशी असलेले उत्तर एवढेच आहे.

लेख इथे संपायला हवा होता. पण ज्याच्याविषयी लिहिले त्याला न विचारता हे छापायला देणे योग्य वाटले नाही. गेल्या महिन्यात मी मित्राला फोन केला. इतक्या वर्षांत आम्ही लग्नाकार्यात भेटलो, एकमेकांच्या दुःखात गेलो, पण या विषयावर कधी बोललो नव्हतो. मी त्याला सारे वाचून दाखविले. तांबडी रेघ, वही, ‘ठीक’. तो बराच वेळ गप्प राहिला.

मग म्हणाला, “तुझ्या आधीच्या पाळीला मी गेलो होतो. आठवते?”

मला आठवत नव्हते.

“तो आवाज मलाही आला होता. रेघ मीही पाहिली होती. मीही ‘ठीक’च लिहिले.” थोडे थांबून म्हणाला, “आणि त्या रविवारी निघताना ती पुन्हा पाहिली. थैल्या हँडलला लावू नये, असे मनात आलेही होते.”

त्याच्या या बोलण्याने माझे ओझे हलके झाले, असे लिहिले तर ते खोटे होईल. वहीत त्याच्या ‘ठीक’खाली माझे ‘ठीक’ होते, एवढेच मला नव्याने कळले. माझा रकाना त्यामुळे बदलत नाही. आमच्या आधी आणखी कितींनी ती रेघ पाहिली असेल, कोण जाणे. प्रत्येकाला आपली एकच फेरी दिसत होती. साऱ्या फेऱ्या फक्त त्या हँडलने मोजल्या.

लेख छापू का, असे मी विचारले. तो म्हणाला, “छाप. पण नाव नको. आणि लिही की कवळी बसवली आहे, आता ‘स’ नीट येतो.” म्हणून तसे लिहिले आहे.

संपादक मंडळाला आणि माजी विद्यार्थी बांधवांना एक विनंती आहे. विद्यालयात आता सायकली पुष्कळ आहेत, असे ऐकतो. त्यांच्या शेडमध्ये पुन्हा एक वही टांगावी. रकाने सरांनी आखले होते तेच ठेवावेत. वह्यांचा, पेन्सिलींचा आणि हँडलांचा जो खर्च येईल तो मी देईन. वर्षातून दोनदा येऊन सायकली तपासण्याचे कामही मी आनंदाने करीन. मुलांना फक्त एवढे सांगावे की, दोष लिहिला म्हणून कोणाचीही पाळी जाणार नाही. आमच्या वेळी तसे कोणी म्हटले नव्हते, आणि तसे विचारण्याचे धैर्य आमच्यातही नव्हते.

महोत्सवाच्या दिवशी सकाळच्या वंदनेला आम्ही दोघेही येणार आहोत. त्याने पुढे उभे राहावे, असे मी त्याला म्हटले आहे. त्याने अजून हो म्हटलेले नाही.